अंगावर खूण नाही, साप कुणी पाहिला नाही, तरी तो सर्पदंश असतो! गडचिरोली-चंद्रपूरच्या नर्सला पहिल्या तासात काय काय ओळखावं लागतं?

जुलै महिना. रोवणीचे दिवस. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावलेली माणसं रात्री जेवून जमिनीवरच अंथरूण टाकून झोपतात. पहाटे तीनच्या सुमारास घरातली एक बाई पोट दुखतंय म्हणून उठते. एक उलटी होते. घरच्यांना वाटतं, खाण्यात काही आलं असेल. उजाडेपर्यंत बघू म्हणतात. पाच वाजता तिला डोळे उघडता येत नाहीत. उघड म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, पापण्या मात्र वर जात नाहीत.

ही एका गावची गोष्ट नाही. गडचिरोलीत, आणि पूर्व चंद्रपुरातल्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या धानपट्ट्यात पावसाळ्यात असं चित्र कुठंही दिसू शकतं. अंगावर दाताची खूण सापडत नाही, सूज नसते, साप कुणी पाहिलेला नसतो. तरी हा मण्यारीचा दंश असू शकतो. आणि रात्रपाळीला असलेल्या स्टाफ नर्सला तो ‘पोट दुखतंय’ एवढ्या एका तक्रारीतून ओळखावा लागतो.

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे दिल्लीतून आलेले दोन निर्णय. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी केंद्रीय आरोग्य सचिवांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाचा रुग्ण आणि मृत्यू ‘नोंदणी बंधनकारक’ आजारात टाकायला सांगितलं. म्हणजे सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं प्रत्येक केस कळवायची.

आकडे बघितले तर एवढी धावपळ का, ते कळतं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा ‘मिलियन डेथ स्टडी’चा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. याच अभ्यासाचा आधीचा भाग २०११ साली छापून आला होता, त्यात आणखी एक गोष्ट होती. सर्पदंशानं मेलेल्यांपैकी फक्त २३ टक्के माणसं दवाखान्यात मेली. उरलेली घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या दारात.

आता नकाशा बघू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. क्षेत्रफळ साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या जवळ, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. चौरस किलोमीटरला ७४ माणसं. दोन तृतीयांशाच्या आसपास जिल्हा जंगलात. नियमानं आदिवासी आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकांमागं एक उपकेंद्र आणि २० हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. सपाटीवर हेच ५ हजार आणि ३० हजार. ऐकायला ही सवलत वाटते. पण जिथं माणसंच इतकी विखुरलेली आहेत, तिथं २० हजार लोक म्हणजे नाले, डोंगर आणि जंगलाचा प्रचंड मोठा तुकडा. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा रस्ता बंद होतो, हे दर पावसाळ्यात टीव्हीवर दिसतंच.

सप्टेंबर २०२४ मधला अहेरी तालुक्यातला व्हिडिओ अनेकांच्या लक्षात असेल. तापानं गेलेल्या दोन लेकरांचे मृतदेह आई-बाप खांद्यावर घेऊन चिखलातून चालले होते. मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं, आरोग्य केंद्र नंतर. ती केस तापाची होती. पण साप चावलेल्या माणसाचा प्रवासही याच वाटेनं होतो, खाटेची कावड करून, कधी नावेतून. एवढं करून माणूस आरोग्य केंद्राच्या पायरीवर पोचतो तेव्हा समोर सगळ्यात आधी उभी असते ती नर्स. डॉक्टर क्वार्टरमध्ये असतील, दुसऱ्या केसवर असतील, कधी जागा रिकामीच असेल. ते येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं तिची एकटीची.

मण्यार आणि न दिसणारा दंश

भारतात सर्पदंशानं होणारे बहुतेक मृत्यू चार सापांच्या नावावर लागतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणसीला विदर्भात परड म्हणतात. या चौघांत नर्सची सगळ्यात कठीण परीक्षा मण्यार घेते.

मण्यार रात्री फिरते. उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात किंवा पाय अंगावर पडला की चावते. तिचे दात बारीक. चावल्याचं दुखणं इतकं कमी की माणूस अनेकदा जागाही होत नाही. मग काही तासांत पोटात कळ येते, उलटी होते, घसा जड वाटतो. त्यानंतर पापण्या पडतात. पुढं एकाच्या जागी दोन दिसतं, गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हृदय चालू असतं, मेंदू चालू असतो, छाती तेवढी हलायची थांबते.

म्हणून पावसाळ्यात पहाटे कुणी ‘रात्री जमिनीवर झोपलो होतो आणि आता पोट दुखतंय’ असं सांगत आला, तर ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवायचं नसतं. थांबवून घ्यायचं आणि पापण्यांवर लक्ष ठेवायचं. अनुभवी नर्स काही साध्या गोष्टी करून बघते. डोकं न हलवता माझ्या बोटाकडे वर बघ म्हणते. मान उशीवरून उचलून धर म्हणते. एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोज म्हणते. पहिल्यांदा २५ पर्यंत गेलेला माणूस अर्ध्या तासानं १५ वर थांबला आणि मग ९ वर, तर श्वास पुढं कुठल्या दिशेनं चाललाय ते कागदावर दिसतं. या परीक्षेला मशीन लागत नाही. वेळ लिहून ठेवायला पेन मात्र लागतो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथं फार विसंबून चालत नाही. ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा चांगला दिसत राहतो आणि स्नायू मात्र थकत जातात. आकडा कोसळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि मग ती भयंकर अवस्था. विष पूर्ण चढलं की रुग्ण दगडासारखा पडून राहतो. चिमटा काढला तरी हलत नाही, डोळ्यांवर टॉर्च मारली तरी बाहुल्या आकसत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण अशा रुग्णाला आतून सगळं ऐकू येत असू शकतं. मेंदू मेल्यासारखा दिसणारा, पण श्वास देत राहिल्यावर बरा होऊन चालत घरी गेलेला सर्पदंशाचा रुग्ण वैद्यकीय साहित्यात अनेकदा नोंदवलेला आहे. त्यामुळं इथं नर्सला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: अँबू बॅग दाबणं थांबवायचं नाही, आणि रुग्णाच्या उशाशी ‘आता काही राहिलं नाही’ असं बोलायचं नाही. व्हेंटिलेटर नसलेल्या ठिकाणी पाळीपाळीनं अँबू दाबून रुग्ण दिवसेंदिवस जगवल्याची उदाहरणं आहेत. पाळी करणाऱ्यांत नातेवाईकही होते.

काचेची नळी आणि वीस मिनिटं

घोणस आणि फुरशाचं विष वेगळं काम करतं. ते रक्त गोठण्याची यंत्रणाच संपवून टाकतं. हिरड्यांतून रक्त येतं, सुई टोचलेल्या जागेतून झिरपत राहतं, लघवी लाल होते. घोणसीच्या बाबतीत पुढं मूत्रपिंड बंद पडायची भीती असते.

हे ओळखायची तपासणी इतकी स्वस्त आहे की विश्वास बसत नाही. शिरेतून दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत टाकायचं, नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त गोळा होऊन जागेवर राहिलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात काम करतंय.

यातही मेख आहे. नळी प्लास्टिकची असेल तर तपासणी फसते, कारण रक्त गोठायची सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळं होते. साबणाच्या पाण्यानं धुतलेली काचेची नळीही फसवते. म्हणजे स्टोअरमधून काय मागवलंय आणि नळ्या कोण कशा धुतंय, यावर एखाद्याला विषावरचं औषध मिळणार की नाही ते ठरतं. पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून सुट्टीही द्यायची नसते. तपासणी पुन्हा पुन्हा करायची आणि माणसाला निदान २४ तास नजरेखाली ठेवायचं.

घोणसीच्या संशयात आणखी काही पथ्यं आहेत. दुखतंय म्हणून कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचं नाही. रक्त गोठत नसताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साचतं, शिवाय ते औषध मूत्रपिंडालाही त्रास देतं. पॅरासिटामॉल चालतं. सूज कुठपर्यंत आली तिथं पेनानं रेघ मारून वेळ लिहायची. लघवी किती झाली ते मोजायचं. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण घोणसीच्या रुग्णात मूत्रपिंडाची पहिली बातमी तिथूनच येते.

आणि गावातून येताना दोरीनं, चिंधीनं करकचून बांधलेला पाय? ती गाठ दारातच सोडायची घाई करायची नाही. आधी सलाईनची सुई लावायची, औषध आणि अँबू हाताशी ठेवायची, मग सोडायची. कारण अडकलेलं विष एकदम अंगात गेलं की रुग्ण डोळ्यांदेखत कोसळू शकतो.

औषध आहे, मग भीती कशाची?

भारतात मिळणारं सर्पविषावरचं औषध, म्हणजे एएसव्ही, या चारही सापांवर एकत्र चालतं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनतं. महाराष्ट्रात हाफकिनचं नाव याच कामाशी जोडलेलं आहे. कोणता साप होता हे माहीत नसलं तरी ते देता येतं. त्यामुळं साप मारून पिशवीत घालून आणायची काहीच गरज नसते. त्या भानगडीत दुसऱ्याला चावा बसतो, एवढंच. चापड्यासारख्या काही सापांच्या विषाला मात्र हे औषध लागू पडत नाही.

सुरुवातीचा डोस साधारण ८ ते १० व्हायल, शिरेतून, तासाभरात. आणि इथं बहुतेकांची चूक होते. लहान मुलाला कमी डोस द्यायचा नसतो. सापानं मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं, आणि हे औषध विषाच्या मापानं द्यायचं असतं.

मग आरोग्य केंद्रं औषध न देताच ‘रेफर’ का करतात? कारण एएसव्हीची रिॲक्शन येते. घोड्याची प्रथिनं माणसाच्या शरीरात गेल्यावर अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. श्रीलंकेत भारतीय एएसव्ही वापरून हजाराहून जास्त रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात चारपैकी तिघांना कमी-जास्त रिॲक्शन आली होती. भीती खोटी नाही. गावकऱ्यांचा जमाव बाहेर उभा आहे, इंजेक्शन दिलं आणि माणूस कोसळला, तर दोष कुणावर येणार हे नर्सलाही माहीत असतं आणि एकट्या डॉक्टरलाही.

पण त्याच अभ्यासानं उत्तरही दिलंय. एएसव्हीच्या आधी ॲड्रेनालिनचा छोटा डोस कातडीखाली दिला तर गंभीर रिॲक्शन बऱ्याच कमी होतात. सवयीनं दिली जाणारी हायड्रोकॉर्टिझोन आणि ॲलर्जीची इंजेक्शनं मात्र ती टाळू शकली नाहीत. आणि रिॲक्शन आलीच, तर ॲड्रेनालिन मांडीत दिलं की बहुतेक रुग्ण सावरतात. म्हणून एएसव्ही सुरू होण्याआधी ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून, ट्रेमध्ये ठेवलेलं हवं. अँप्युल शोधायला कपाट उघडणारी नर्स आणि सिरिंज हातात असलेली नर्स, यांच्यात दोन मिनिटांचा फरक असतो. रिॲक्शनमध्ये दोन मिनिटं खूप असतात.

कायद्यानं एएसव्ही डॉक्टरच्या आदेशावर सुरू होतं, आणि ते बरोबरच आहे. सगळ्यांना सरसकट देण्याचं हे औषध नाही. बिनविषारी चावे आणि विष न सोडलेले ‘कोरडे’ चावे भरपूर असतात. त्या रुग्णांना औषध दिलं तर फक्त रिॲक्शनचा धोका पदरात पडतो. प्रश्न आदेश मिळेपर्यंतचा आहे. सुई लावलेली, नळीत रक्त उभं केलेलं, पापण्यांची आणि श्वासाची नोंद झालेली असेल, तर दूर असलेला डॉक्टर फोनवरही निर्णय घेऊ शकतो. यातलं काहीच झालं नसेल, तर तो ‘पाठवून द्या’ एवढंच म्हणू शकतो.

पाठवायचं म्हणजे किती लांब? भामरागडहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त. पुढच्या उपचारांसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठायचं, तर आणखी काही तास. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही आता ते सुरू झालं आहे. पण मण्यारीच्या रुग्णाचा श्वास एवढा वेळ वाट बघत नाही. अशा रुग्णाला पहिला डोस न देता, अँबू बॅग आणि ती दाबणारा हात सोबत न देता गाडीत घालणं म्हणजे त्याचं मरण रस्त्यावर ढकलणं आहे. आरोग्य केंद्राच्या वहीत मृत्यू चढत नाही, एवढाच काय तो फायदा.

‘हे सगळं साध्या नर्सला कसं जमणार’ असं कुणी म्हणेल, तर उत्तर याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गडचिरोलीच्या खेड्यांत थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. बालमृत्यू इतके कमी झाले की १९९९ साली ‘लॅन्सेट’नं तो अभ्यास छापला, आणि पुढं देशभरच्या आशांच्या कामात तो आला. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपाय शोधला, तोही ग्रामीण दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी बसूनच. गडचिरोलीतल्या तीन-चार वर्षं शिकून आलेल्या स्टाफ नर्सकडे त्या खेड्यातल्या बायकांपेक्षा शिक्षण जास्तच आहे. नसतो तो दर वर्षी जूनच्या आधी घेतलेला सराव, आणि ‘तू सुरुवात कर, मी पाठीशी आहे’ म्हणणारा वरिष्ठ.

नोंद कुणासाठी?

या भागात वाघानं माणूस मारला की राज्यभर बातमी होते. वनविभागाची मदतही मिळते. २०२२ मध्येच ती १५ लाखांवरून २० लाखांवर गेली. साप मात्र त्या यादीत नाही. शेतकरी कुटुंबाला सर्पदंशाच्या मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी मृत्यू सर्पदंशानं झाला हे कागदावर यावं लागतं. पुजाऱ्याकडे मेलेल्या माणसाचा कागद नसतो. मण्यारीच्या केसमध्ये तर अंगावर खूणही नसते.

म्हणून पहाटे साडेपाचला आलेल्या त्या बाईच्या केसपेपरवर नर्सनं काय लिहिलं, याला दोन अर्थ आहेत. ‘पोटदुखी, उलटी, रेफर’ एवढंच लिहिलं असेल, तर नवी नोंदणी कितीही बंधनकारक झाली तरी ती केस सर्पदंशात मोजली जाणार नाही, आणि पुढं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना तहसीलमध्ये दाखवायला काही नसेल. ‘रात्री जमिनीवर झोपलेली, पहाटे ३ ला पोटदुखी, ५ ला दोन्ही पापण्या पडलेल्या, एका श्वासात ११ आकडे, मण्यारीचा संशय, ५.५० ला एएसव्ही सुरू’ असं लिहिलं असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला गाडी पोचताच पुढचं सगळं कळतं. हा कागद रुग्णासोबत जायला हवा, आणि गाडी सुटायच्या आत पुढच्या दवाखान्याला एक फोन.